बर्नाडीन आणि तळ्यावरचे रानहंस

बर्नाडीन कोवाल्चिकला रानहंस आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे पेपरात तिचा फोटो आला तेव्हा त्याखाली 'हंसांची मावशी' असं छापलं होतं, आणि ते वाचून ती इतकी भडकली की तो पेपर तिनं बटाट्याच्या सालींखाली अंथरला.

अमेरिकेतल्या आमच्या एल्डन मिल्स गावात हे पक्षी कुणालाच नवे नाहीत. लांब काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, आणि चाल अशी की सगळं गाव त्यांच्या नावावर आहे. जुन्या गिरणीचं तळं गावाच्या मधोमध. एका काठाला बाग, तिला लागून चर्च, मधून मोठा रस्ता आणि रस्त्यापलीकडे हॉस्पिटलची हिरवळ. हंस बागेत चरायचे, पायवाटेवर शिटायचे, आणि कुणी जवळ गेलं की मान जमिनीलगत घालून फिसकारायचे. अशाच एका शिटेवरून घसरून बर्नाडीनचं मनगट मोडलं होतं. थंडी पडली की ते दुखायचं, आणि दुखलं की ती खिडकीतून तळ्याकडे बघून म्हणायची, "मेल्यांनो, तुमच्यापायी मला डबा उघडता येत नाही."

तिचं सगळं आयुष्य शाळेच्या जेवणघरात गेलं. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांनी लहानपणी तिच्या हातचं खाल्लेलं आणि तिची बोलणीही खाल्लेली. नवरा गेल्यावर ती चर्चच्या तळघरात दुपारचं फुकट जेवण चालवायला लागली. ज्याला भूक लागली त्यानं यावं, बसावं, कुणी नाव विचारणार नाही. मी औषधांच्या दुकानातली नोकरी संपवली आणि तिच्या हाताखाली कांदे चिरायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पाटावर नजर टाकली. "शुभा, हा कांदा तान्ह्या बाळाला भरवायचाय का? दात असलेली माणसं जेवायला येतात इथे."

जेवायला येणाऱ्यांत ऑर्व्हिल टटल रोजचा. म्हातारा, एकटा, पूर्वी बस दुरुस्त करायचा. धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. जेवण झालं की टोपी घालून तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसायचा, पार ऊन कलेपर्यंत. हंसांपैकी एकीचा पंख जन्मापासून बाहेरच्या बाजूला वळलेला होता. तिला उडता येत नसे. ऑर्व्हिलनं तिचं नाव ठेवलं होतं डोलोरेस.

"बायकोचं नाव पक्ष्याला दिलंस?" बर्नाडीन विचारायची.

"घटस्फोट झालाय. आणि दोघी माझ्यावर सारख्याच फिसकारतात."

"तिचं बरोबरच आहे. डोलोरेसचं म्हणतेय मी."

"कुठल्या?"

"दोघींचं."

जूनमधल्या एका सकाळी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा तो जेवणाच्या वेळेच्या कितीतरी आधी खाली आला. टोपी हातात होती.

"बर्नी, तळं रिकामं आहे."

"गेले असतील उडून. पीडा टळली."

"उडून कसे जातील? हे पिसं झडायचे दिवस आहेत. आत्ता एकालाही उडता येत नाही. पिल्लं आहेत त्यांच्याबरोबर. आणि डोलोरेस तर..."

आम्ही तिघं गेलो बघायला. पाणी काचेसारखं सपाट पडलेलं. रोज ज्या गोंगाटाला आम्ही वैतागायचो तो नव्हता, आणि तो नसल्यामुळे आपलेच पाय गवतावर वाजताहेत असं वाटत होतं. काठावरचं गवत एका पट्ट्यात तुडवलेलं, जणू तिथून एखादी मिरवणूक गेली होती. सगळीकडे पिसं. राखाडी, तपकिरी, ओली पिसं. बर्नाडीननं एक उचललं, बघितलं, टाकून दिलं आणि हात ॲप्रनला पुसला.

"कुत्री लागली असतील मागे," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात खात्री नव्हती.

तिचा मुलगा मार्टी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात कामाला. दर रविवारी आईकडे जेवायला यायचा. मीही त्या रविवारी होते. बर्नाडीननं त्याच्या ताटात बटाटे वाढता वाढता विचारलं, "काय रे, हंसांचं काय झालं?"

मार्टीनं बटाट्यांवर रस्सा ओतला. "कुणास ठाऊक, आई. गेले असतील कुठेतरी."

विषय तिथेच संपला. ऑर्व्हिल मात्र नगरपालिकेत जाऊन बसला. तिथल्या एका माणसानं त्याला सांगितलं की हंसांना सांभाळून दुसरीकडे हलवलंय, उत्तरेला लांब एका तलावावर, तिथे त्यांना भरपूर जागा आहे. तलावाचं नावही सांगितलं. ऑर्व्हिल परत आला तो उजळलेल्या तोंडानं. बस कुठून सुटते, कुठे बदलावी लागते, हे तो मला रोज विचारायला लागला. "पानं लाल झाली की जाईन," म्हणाला, "डोलोरेसला बघून येईन. ओळखेल ती मला. ओळखेल आणि फिसकारेल."

पानं लाल होण्याच्या बेतात होती तेव्हा जिल्ह्याच्या अन्नदान केंद्रातून आमच्याकडे गोठवलेल्या मांसाची खोकी आली. वरती चिठ्ठी: पक्ष्यांचं मांस, दान. बर्नाडीननं एक पाकीट फोडून वास घेतला. गडद लाल, घट्ट मांस. "टर्कीच्या मांड्या असतील," ती म्हणाली, "किंवा कुणा शिकाऱ्यानं बदकं दिली असतील. मंद आचेवर ठेवलं की मऊ होईल." तिनं तिच्या आजीच्या पद्धतीचा रस्सा केला. भरपूर कांदा, पॅप्रिका म्हणजे गोडसर लाल मिरचीची पूड, शेवटी आंबट साय, खाली रुंद शेवया. तळघरातून वास रस्त्यापर्यंत गेला. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं आली आणि सगळी गप्प बसून जेवली. आमच्याकडे जेवण चांगलं झाल्याची तीच खूण.

ऑर्व्हिलनं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. "बर्नी, हे खाऊन माणूस परत लग्न करेल."

"माझ्याशी नको करूस. मला तुझे मोजे धुवायचे नाहीत."

तेवढ्यात केंद्राचा ट्रक चालवणारा डेल रिकामी खोकी न्यायला जिना उतरून आला. बडबड्या, हसतमुख माणूस. बर्नाडीननं त्यालाही वाटी दिली. त्यानं उभ्या उभ्या दोन घास घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "वा! तुमच्या तळ्यावरचे हंस एवढे चवदार निघतील असं वाटलं नव्हतं हं!"

मी कांद्याची सालं गोळा करत होते. माझा हात तिथेच राहिला.

"कुठले हंस?" बर्नाडीननं विचारलं.

"तुमचेच की. जूनमध्ये पकडून नेले ते. कंत्राटदारानं मारून, साफ करून, गोठवून ठेवले होते, आता वाटताहेत." डेलनं आमच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मला खरंच तसं वाटलं."

एका बाईनं मुलापुढची वाटी बाजूला ओढली. ऑर्व्हिलनं चमचा वाटीत ठेवला नाही, टेबलावर ठेवला, अगदी सरळ. कागदी रुमालानं तोंड पुसलं आणि मग तो त्या रुमालाकडेच बघत राहिला.

"त्यांनी मला तलावाचं नाव सांगितलं होतं," तो म्हणाला.

तो कुणाशी बोलत नव्हता. त्यानं टोपी घेतली, कठड्याला धरून जिना चढला. वरच्या पायऱ्यांवर तो ओकल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला.

बर्नाडीन पळीसकट उभी होती. तिचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आले, पण तसा कधी बघितला नव्हता. कुणीतरी आपल्याच घरात आपल्याला मुस्कटात मारावी आणि मारणारा दिसूच नये, तसा. तिनं गॅस बंद केला.

"उरलेलं फेकून देऊ?" मी विचारलं.

"नाही. झाकून फ्रीजरमध्ये ठेव. ज्यांचं आहे त्यांना वाढणार आहे मी."

घरी जाताना ती मला म्हणाली, "मी कोंबड्या मारल्यात, शुभा. आजीच्या अंगणात, या हातांनी. मांस खाते आणि उद्याही खाईन. मला ते पक्षी आवडतही नव्हते. पण कुणीतरी मला सांगायला हवं होतं गं. सांगितलं असतं, तर मी ते ऑर्व्हिलच्या वाटीत वाढलं नसतं."

नगरपालिकेच्या पुढच्या सभेला ती चाकांच्या गाड्यावर पातेलं घालून गेली. मी मागून वाट्या घेऊन. अध्यक्षबाई हेन्शॉ व्यवस्थित बाई, केस जागच्या जागी, आवाज कधी चढायचा नाही. बर्नाडीनचं नाव पुकारलं तशी ती भाषणाच्या जागी गेलीच नाही. सदस्यांच्या टेबलापाशी जाऊन तिनं एकेकापुढे वाटी ठेवायला सुरुवात केली.

"बर्नाडीन, सभागृहात अन्न चालत नाही."

"का बरं? चांगलं आहे. तुम्हीच तर पाठवलंय."

"हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकते..."

"भावना राहू द्या. जेवा. गरिबांना चालतं तर तुम्हाला का नाही चालणार?"

अध्यक्षबाईंनी वाटी किंचित पुढे सरकवली. मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. तळ्याचं पाणी खराब झालं होतं. मुलांना पोहायची बंदी करावी लागली होती. तक्रारींचा पाऊस पडत होता. वरून रीतसर परवानगी घेतली होती. मांस वाया जाऊ नये म्हणून दान केलं, यात वाईट काय?

"आणि गावाला सांगितलं का नाहीत?"

"गोंधळ झाला असता."

"म्हणजे आम्ही नको म्हणू हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि ऑर्व्हिल टटलला तलावाचं नाव? तेही नियमात बसतं?"

अध्यक्षबाई पहिल्यांदा अडखळल्या. "कुणीतरी दयेपोटी सांगितलं असेल."

या सगळ्यात टेबलाच्या टोकाला चमचा वाजला. स्टॅन ह्रुस्का, आमचा खाटीक, जुना सदस्य, खात होता. सगळी वाटी संपवून त्यानं मिशी पुसली. "रस्सा फक्कड झालाय, बर्नी."

लोक हसले. बर्नाडीन नाही हसली. स्टॅनही हसत नव्हता. "मी आयुष्यभर जनावरं कापतोय," तो म्हणाला. "पण माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला मी सांगतो की हे काय आहे. या कंत्राटाला मी हात वर केला तेव्हा मला 'संख्या नियंत्रण' एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं, भोंगे वाजवून हाकलणार असतील."

"सगळं माणुसकीनं झालं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपली माणसं हजर होती तिथे. उद्यान खात्यानं जाळ्या धरल्या होत्या. मार्टी, तू होतास ना? सांग बरं यांना."

मार्टी मागच्या ओळीत बसला होता. आईला गाडीतून घरी न्यायला आला होता बिचारा. सगळ्या माना मागे वळल्या. बर्नाडीन सर्वांत शेवटी वळली.

"हो," तो म्हणाला. "होतो."

तिनं पळी पातेल्यात सोडली. गाडा ढकलत ती सरळ दाराबाहेर गेली.

ती मार्टीच्या गाडीत बसली नाही. आम्ही दोघी पातेल्यासकट पायी निघालो आणि मार्टी शेजारून गाडी हळूहळू चालवत, काच खाली करून विनवत राहिला.

"आई, बस ना. जड आहे ते."

ती चालत राहिली.

"माझी नोकरी आहे, आई. मला सांगितलं जाळी धर, मी धरली. मला काय आवडलं का? पिल्लं आईबापांच्या मागे आपली आपण चालत पिंजऱ्यात गेली. अजून डोळ्यांपुढून जात नाही ते."

तेव्हा ती थांबली. "नोकरी मला कळते. मीही नोकरी केलीय. पण तू माझ्या टेबलावर बसलास, माझे बटाटे खाल्लेस आणि म्हणालास, कुणास ठाऊक. ते मला कळत नाही, मार्टिन."

तिनं त्याला मार्टिन म्हटलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

नंतर कळलं की कंत्राट पुढच्या जूनसाठीही होतं. तळं मोकळं राहत नाही. वसंतात दुसरे हंस येतात, घरटी करतात. म्हणजे पुन्हा जाळ्या, पुन्हा पिंजरे. बर्नाडीननं जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, 'आम्हाला न विचारता आमच्या तळ्यावर काय मारता?' आणि जेवणं आटोपली की ती नगरपालिकेसमोर जाऊन उभी राहू लागली. आधी आम्ही दोघीच. येणारेजाणारे भोंगा वाजवायचे, कुणी काचेतून ओरडायचं, "ए म्हाताऱ्यांनो, घरी जाऊन अंडी उबवा!" बर्नाडीन उलट ओरडायची, "तुला जरा नीट उबवलं असतं तर बरं झालं असतं, अक्कल आली असती!" मग हॉस्पिटलच्या नर्स यायला लागल्या, ड्यूटी संपली की तशाच निळ्या कपड्यांत. मग तळघरात जेवणारी माणसं आली. त्यांचा राग वेगळाच होता. एक बाई म्हणाली, "आम्हाला काहीही खायला घाला, चालतं, असं वाटलं ना यांना?"

ऑर्व्हिल आला नाही. जेवायलाही नाही. बर्नाडीननं भाज्यांचं सूप केलं, मांसाचा थेंब नसलेलं, आणि आम्ही धोब्याच्या दुकानावर गेलो. त्यानं साखळी न काढता दार उघडलं.

"तुझी चूक नाही, बर्नी," तो म्हणाला. "मला पक्कं ठाऊक आहे. मी स्वतःला रोज सांगतो. पण तुझ्या हातचं आता माझ्या घशाखाली उतरत नाही."

"हे नुसतं गाजर-बटाट्याचं आहे, ऑर्व्हिल."

"ठाऊक आहे गं."

दार हळूच लागलं. ती गरम भांडं हातात धरून जिन्यावर उभी राहिली, इतका वेळ की शेवटी मीच ते तिच्या हातातून काढून घेतलं. तिचे तळवे लाल झाले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नाताळाआधी ऑर्व्हिलची भाची येऊन त्याला ओहायोला घेऊन गेली. जाताना तो कुणाला भेटला नाही.

शेजारच्या एका गावात हंस मारत नाहीत, वसंतात अंड्यांना तेल लावतात, मग ती फुटत नाहीत आणि संख्या आपोआप आटोक्यात राहते, हे स्टॅननं शोधून काढलं. सभेत त्यानं तसा ठराव मांडला. तो पडला. कंत्राट कायम राहिलं.

मग जून आला. ट्रक पहाटे येतात हे आता सगळ्यांना माहीत होतं. उजाडायच्या सुमारास आम्ही तळ्यात उतरलो. बर्नाडीन नवऱ्याची मासेमारीची रबरी विजार घालून, कमरेला दोरी बांधून. स्टॅन होता, नर्स होत्या, तळघरात जेवणारी माणसं होती. पाणी असं गार की पाय आपले वाटेनात. हंस पिल्लांना घेऊन मधोमध गोळा झाले होते, माना ताठ.

ट्रक आले. कंत्राटदाराच्या हिरव्या कपड्यांतल्या माणसांनी छोट्या होड्या पाण्यात सोडल्या. त्यांचा मुख्य माणूस सभ्य होता. "बाई, बाहेर या. आम्हाला तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये."

"मग देऊ नका," बर्नाडीन म्हणाली.

होड्या पुढे सरकल्या. आम्ही हात पसरून ओरडलो, पाणी उडवलं. आणि तिथेच आमचं चुकलं. समोरून होड्या, बाजूंनी आम्ही. त्या जिवांना कोण मारणारं आणि कोण वाचवणारं हे कसं कळावं? जिथे कुणी नव्हतं तिकडे ते धावले. काठ चढून, बागेच्या कुंपणाच्या फटीतून, पिल्लांसकट सरळ मोठ्या रस्त्याकडे. हॉस्पिटलची पाळी बदलायची ती वेळ, गाड्या सुसाट.

धप्प असा आवाज आला. मोठा नव्हता. उशी पडावी तसा. पण आम्ही सगळे जिथल्या तिथे थिजलो.

आणि मग ब्रेक करकचले. एक जुना पिकअप ट्रक चर्चच्या मागून भरधाव आला आणि रस्त्यावर आडवा उभा राहिला. त्यातून मार्टी उतरला. अंगात झोपायचा शर्ट. त्या सकाळी त्यानं आजारी असल्याचं कळवलं होतं, जन्मात पहिल्यांदा, आणि घरी न थांबता चर्चच्या आडोशाला गाडीत बसून होता. समोरून सिमेंटचा ट्रक येत होता. मार्टी दोन्ही हात पसरून त्याच्या पुढ्यात उभा राहिला. ट्रक त्याच्या छातीपासून एवढ्याशा अंतरावर थांबला. ड्रायव्हरनं त्याला त्याच्या आईवरून शिव्या घातल्या. त्याची आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते ऐकत होती.

हंस रस्ता ओलांडून गेले. धावत नाही, चालत. हॉस्पिटलच्या हिरवळीवर पोचले. वर खिडक्यांत पेशंट उभे होते. ती जमीन हॉस्पिटलची, कंत्राटात नव्हती. हिरव्या कपड्यांतल्या माणसानं कुणाला तरी फोन केला, बराच वेळ नुसतं ऐकलं, आणि होड्या परत ट्रकवर चढवायला सांगितल्या. जाताना म्हणाला, "आम्ही पक्ष्यांचं कंत्राट घेतलंय, आज्ज्यांचं नाही."

आमच्यातले काही जण ओरडले, टाळ्या वाजवायला लागले. बर्नाडीन रस्त्यावर गेली. तिथे एक हंस पडला होता आणि एक पिल्लू त्याच्याभोवती फिरत चिवचिवत होतं. तिनं तो उचलला. मेलेला पक्षी केवढा जड असतो याचंच तिला नवल वाटत असावं, तशी ती त्याला तोलत उभी राहिली.

"याला मी हाकललं," ती म्हणाली. "शुभा, याला मीच हाकललं रस्त्यावर."

"आई, चल. भिजलीयस." मार्टीनं तिच्या दंडाला धरलं. तिनं हात सोडवून घेतला नाही. पण त्याच्याकडे बघितलंही नाही. चिवचिवणारं पिल्लू एका नर्सनं ओढणीसारख्या रुमालात गुंडाळून पलीकडच्या कळपाजवळ नेऊन सोडलं. कळपानं त्याला घेतलं की नाही ते आम्हाला गर्दीत दिसलं नाही.

मेलेला हंस हातात धरलेल्या बर्नाडीनचा कुणीतरी फोटो काढला होता, तोच पेपरात आला. गाव ढवळून निघालं, आणि पुढच्या सभेत स्टॅनचा ठराव एका मतानं पास झाला. कंत्राट थांबलं, रद्द झालं नाही. अट अशी की बाग गावकऱ्यांनी साफ ठेवायची आणि अंड्यांना तेलही त्यांनीच लावायचं. संख्या वाढली तर कंत्राट पुन्हा चालू. अध्यक्षबाई हेन्शॉ पुन्हा निवडून आल्या. मार्टीला उद्यानातून काढून कचऱ्याच्या गाडीवर घातलं. तो त्याबद्दल कधी बोलला नाही. बर्नाडीन रोज सकाळी मोडक्या मनगटानं पायवाट झाडायला लागली आणि झाडताना हंसांना मनसोक्त शिव्या द्यायची. रविवारी मार्टी परत जेवायला येऊ लागला होता. ती वाढायची, तो खायचा. दोघंही जरा जास्तच नीट बोलायचे.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही पहिल्यांदा तेल लावायला गेलो. मार्टी वल्ही मारत होता, बर्नाडीन पुढे, मी तेलाचा डबा धरून. तळ्यातल्या बेटावर लव्हाळ्यांच्या आड पहिलं घरटं होतं. मार्टीनं छत्री उघडून मादीला मागे रेटलं. ती फिसकारली, पंखांनी छत्रीवर फटके मारले. बर्नाडीन गुडघे टेकून खाली बसली. एकेक अंडं उचलायचं, तेलात बुडवलेल्या फडक्यानं चोहीकडून पुसायचं, परत ठेवायचं. अंडी कोमट होती. प्रत्येक अंडं ठेवताना तिचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की शिवी, मी विचारलं नाही.

आम्ही मागे झालो तशी मादी धावत घरट्यावर आली. चोचीनं एकेक अंडं फिरवून तिनं पोटाखाली घेतलं, छातीवरचं मऊ पीस उपटून कडेला सारलं आणि बसली. आमच्याकडे मान वळवून, अगदी निश्चिंत.

हेच तर मागायला आम्ही थंडीवाऱ्यात उभ्या राहिलो होतो.

"किती दिवस बसेल रे ती?" मी मार्टीला विचारलं.

"बसेल. फुटायची वेळ टळून गेली तरी बसते म्हणे."

बर्नाडीननं फडकं पिळलं. तिच्या हातांवर तेल चकाकत होतं आणि ती ते कशालाही पुसत नव्हती.

"पुढचं घरटं कुठे आहे?" ती म्हणाली. "चल, मार्टी. वल्हव."